मातीला आलेला मुलगा

बापाच्या मातीला पोरगा हसला, ही गोष्ट हिंगणवाडी आता पिढ्यान्‌पिढ्या सोडणार नव्हती. बरं, नुसता ओठ हलला असता तर माणसांनी समजून घेतलं असतं. दुःखात माणसाचं तोंड कसंही होतं. पण इंद्रजित खराडे हसला तो चांगला ऐसपैस. अंगणात आप्पांना आंघोळ घालून झाली, तिरडी बांधून झाली, आणि कुणीतरी म्हणालं, "चला रं, मातीला उशीर नको." तसे त्याचे खांदे सैल पडले, डोळे अर्धे मिटले आणि उन्हातून आलेल्याला माठातलं पाणी मिळावं तसं सुख त्याच्या चेहऱ्यावर पसरलं. हातात विस्तवाचं मडकं घेऊन तो उभा होता आणि हसत होता.

शालननं, म्हणजे त्याच्या आईनं, ते दारातून पाहिलं. कुंकू पुसायची आणि बांगड्या फोडायची रीत गावानं कधीच बंद केली होती, त्यामुळे तिच्या हातात बांगड्या तशाच होत्या. त्या हातानं तिनं तोंडावर पदर धरला. बायकांना वाटलं, रडतेय. ती रडत नव्हती. काय झालं असावं ते तिच्या लख्खकन ध्यानात आलं होतं.

आता हे जरा नीट सांगायला हवं. त्या मुलखात कुणी गेलं की त्याची माती करतात. देह जाळायचा असला तरी म्हणायचं मातीच. माती कधी आहे, मातीला कोण कोण आलं, अमका मातीला फिरकला नाही म्हणून भावकी तुटली, असा सगळा कारभार त्या एका शब्दावर चालतो. आणि शेतातली माती ती वेगळी. ती पायाला लागते, नखात शिरते. या दोन मातींची गल्लत तिथल्या शेंबड्या पोराचीही होत नाही. होत नाही म्हणूनच तर वेळेवर कुणाला सुचलं नाही.

मूळ सगळं पुण्यातलं. इंद्रजित तिथं एका कंपनीची संगणकांची कोठारं थंड ठेवायचं काम बघायचा. कोठारं थंड, ऑफिस थंड, गाडी थंड, घर थंड. बाहेर वर्षातले बहुतेक महिने अंगाची लाही व्हायची, म्हणून इमारतींच्या खिडक्या उघडायची सोयच नव्हती. हवा गाळून यायची आणि तिला कसलाही वास नसायचा. अशा हवेत पंधरा-वीस वर्षं काढलेली माणसं एकेक करून मिटायला लागली. झोप नाही, भूक नाही, बायकापोरांचा उबग, आणि कारण विचारलं तर कारण नाही. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, इंद्रियउपास. पोटाला अन्न मिळतंय, पण नाक, कान, कातडी उपाशी, असा हिशेब.

इंद्रजितला ते नाव मिळायच्या आधीच त्याच्या बायकोनं, मुग्धानं, त्याला एकदा गच्चीच्या कठड्यावरून खाली उतरवला होता. त्यानंतर तिनं त्याला डॉक्टर केतकी नाडगौडांकडे नेला.

डॉक्टर मोठ्या हुशार आणि बोलायला साध्या. शालनला गावाहून बोलावून घेतलं तेव्हा त्यांनी तिला समोर बसवून समजावलं होतं. "हे बघा काकू, डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत आधी एका नाक्यावर थांबतं. तिथं तपासणी होते, मग ते पुढं जातं. वासाचं तसं नाही. वास नाक्यावर न थांबता थेट आतल्या खोलीत जातो, जिथं आपलं सुखदुःख आणि आठवणी असतात. आणि मातीचा जो वास असतो ना, तो माणसाचं नाक इतक्या बारीक प्रमाणात ओळखतं की आमची यंत्रंही मागं पडतात. माणूस मातीजवळ शांत का होतो, त्याचं एक मोठं कारण हे आहे."

उपचार दोन टप्प्यांचे होते. आधी मावळातल्या एका टेकडीवर शिबिर. अनवाणी चालायचं, ढेकळं फोडायची, झाडाला पाठ लावून बसायचं, पानांचा आवाज ऐकायचा, वास घ्यायचा, आणि बोलायचं नाही. पण शिबिरात बरा झालेला माणूस पुन्हा पुण्यात आला की पुन्हा मिटायचा. म्हणून दुसरा टप्पा. नाकाच्या वरच्या टोकाला, जिथून वासाच्या तारा मेंदूत शिरतात, तिथं तिळाएवढी चकती बसवायची. शिबिरात माणूस अगदी निवांत झाला की त्या तारांत कशी थरथर होते ते चकती टिपून ठेवायची. नंतर शहरात, बंद खोलीत, तीच थरथर परत उठवायची. मग नाकासमोर काही नसलं तरी मेंदूला वाटतं, आपण बांधावर बसलोय. उपचाराचं नाव ठेवलं होतं मृद्‌गंध.

चकतीला जागं करायला एक शब्द लागायचा. कानामागं बसवलेला मणी तो शब्द ओळखायचा.

"घरात ऊठसूट कानावर पडणार नाही असा शब्द निवडा," डॉक्टर म्हणाल्या. "आणि तो पेशंटनं स्वतः म्हणून चालत नाही. दुसऱ्यानं म्हणायला हवा. आम्ही हातात बटण दिलं असतं तर लोक दिवसभर दाबत बसले असते. प्रेमाचं माणूस दिवसातून एक-दोनदा म्हणेल, एवढंच पुरे."

मुग्धानं झुळूक सुचवलं, पालवी सुचवलं. इंद्रजित सगळ्याला मान हलवत राहिला. मग आईकडे वळून म्हणाला, "आई, तू दे."

"माती म्हणा की," शालन म्हणाली. "ल्हानपणी भिंत चाटायचा हा. चोरून ढेकळं खायचा. मारून मारून माझा हात दुखायचा."

कितीतरी दिवसांनी इंद्रजित हसला. मुग्धाचे डोळे भरून आले. शब्द ठरला. तिथं बसलेल्यांतली दोघं, मायलेक, हिंगणवाडीचीच, किती माणसांना पोचवून आलेली, पण त्या दुसऱ्या मातीची आठवण एकालाही झाली नाही. शालन पुढं त्या क्षणाला किती वेळा शिव्या घालणार होती, याला गणती नाही.

उपचार लागू पडले, हेही खरं. मुग्धा सकाळी चहा देताना म्हणायची, "माती," आणि हा मोठ्ठा श्वास घेऊन कामाला लागायचा. जेवायला लागला, झोपायला लागला, बायकोला गजरा आणायला लागला. आप्पांना फोन करून पिकापाण्याचं विचारायचा. आप्पा म्हणायचे, "पोरगं माघारी आलं बघ." मग एका सकाळी चहा पिता पिता आप्पांची मान कलली आणि शालनचा चुलत दीर पोपटराव यानं पुण्याला फोन लावला.

"आप्पा गेलं बाबा. दुपारी माती हाय."

मुग्धा पुढं सांगायची, की फोन ऐकताना इंद्रजितचा चेहरा आधी पडला आणि लगेच उजळला, आणि आपला चेहरा उजळतोय हे कळून तो घाबरला. तिच्या माहेरी अंत्यविधी म्हणायचे. तिला काही उमगलंच नाही.

गावात तर दिवसभर दुसरा शब्दच नव्हता. येणारा विचारणार, माती कुठं, मळ्यात का स्मशानात? जाणारा सांगणार, कामं टाकून मातीला आलोय. मणी प्रत्येक वेळी ओळखायचा आणि चकती प्रत्येक वेळी जागी व्हायची. चिता पेटली तेव्हा तर इंद्रजितच्या तोंडातून, पोपटरावाच्या शब्दांत सांगायचं तर, "तृप्तीची ढेकर दिल्यागत" आवाज आला. भावकीतल्या दोघांनी त्याच्या अंगावर धावून जायचं तेवढं बाकी ठेवलं. घरी आल्यावर पोपटराव शालनला म्हणाला, "वैनी, पोरगं पेलं होतं का?"

शालननं सांगायचा प्रयत्न केला. चकती, मणी, शब्द. पोपटरावानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तरी पण बाप व्हता त्येचा."

डॉक्टरांनी फोनवरून चकती लगेच थांबवली. त्यांनाही मोठा धक्का बसला होता. त्या सारख्या माफी मागत होत्या. नवा शब्द बसवू म्हणाल्या, दोन आठवडे लागतील. शालनला वाटलं, चला, सुटलो. पण सावडायच्या दिवशी राख गोळा करताना कुणीतरी तो शब्द उच्चारला, आणि चकती बंद असूनही इंद्रजितचे डोळे तसेच मिटले.

"मेंदू शिकलाय, काकू," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "दूधवाल्याची सायकल वाजली की मांजर दारात येतं ना? दूध दिसायची गरज नसते. त्या दिवशी इतक्यांदा झालं, आणि समोर चिता, हार, रडणारी माणसं. आता शब्द ऐकून होतंच, पण तसलं दृश्य बघूनही होणार. ही आता नुसती चकतीची गोष्ट राहिली नाही."

इंद्रजित पुण्याला परत गेलाच नाही. आधी म्हणाला तेराव्यापर्यंत थांबतो, मग म्हणाला आईजवळ कुणी नको का? शालनला बरं वाटलं. मग शेजारच्या वाडीत एक म्हातारा गेला आणि हा न बोलावता मातीला गेला. मग पलीकडच्या गावात. मग तालुक्याला. कोण मेलं याची खबर गावाच्या ग्रुपवर यायची, की हा अंघोळ करून धुतलेले कपडे घालायचा. पहिल्यांदा लोकांना त्याचं कौतुक वाटलं. परक्याच्या दुःखात धावून येतो म्हणाले. मग त्याचा चेहरा बघितला आणि ती भाषा बदलली.

तरी लाकडं वाहायला सगळ्यांच्या पुढं तो, खांदा द्यायला तो. अंगात बळ आलेलं, गालावर तजेला. शालन चुलीपुढं बसून विचार करायची, की लेक बरा आहे म्हणू का वाईट आहे म्हणू.

शेजारच्या बायजाक्का अंथरुणाला खिळल्या तेव्हा तो रोज त्यांच्याकडं जायला लागला. पाणी पाजायचा, कूस बदलायचा, आणि मग पायाशी बसून त्यांच्या छातीकडं बघत राहायचा. चार-पाच दिवसांनी बायजाक्काच्या सुनेनं त्याला दंडाला धरून बाहेर काढला आणि शालनच्या दारात आणून सोडला. "आत्या, ह्यास्नी आवरा. आमची म्हातारी मराया टेकली न्हाई अजून. गिधाड बसल्यागत बसत्यात." शालनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पावसाळा सरता सरता शालनलाच ताप आला आणि तो छातीत उतरला. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले वय आहे, जपा. इंद्रजितनं जपलं. इतकं जपलं की कुठल्या लेकीनं जपलं नसतं. वेळेला पेज, वेळेला औषध, पाठ शेकायची, पाय चेपायचे, केसांत तेल घालायचं. शालन डोळे मिटून पडायची आणि मनात म्हणायची, असा लेक मिळायला भाग्य लागतं. एकदा तिला खोकल्याची उबळ आली, श्वास अडकला, डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि परत श्वास सापडला तेव्हा तिनं डोळे उघडले. लेकाचा चेहरा अगदी जवळ होता. त्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. लाडू वळताना लहान पोरं आईच्या हाताकडं बघतात, तसा तो बघत होता.

तिला भीती वाटली. पोटच्या पोराची भीती वाटली, आणि तिला त्या भीतीचीच लाज वाटली.

"जित," ती म्हणाली, "खरं सांग. माझी वाट बघतोस?"

तिचा पाय त्याच्या मांडीवर होता. तो तसाच हळूहळू चेपत राहिला.

"हो," तो म्हणाला. "कळतंय मला आई, हे वाईट आहे. वाईट वाटायला पाहिजे, हेसुद्धा कळतं. पण वाटत नाही. आप्पांचं पण वाटलं नाही. मी त्यांना आठवायला बसतो, आणि आतून इतकं छान वाटायला लागतं की आप्पा राहतातच बाजूला." त्यानं तिचा पाय खाली ठेवला. "तुझं काही बरंवाईट झालं तर तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस असेल. हे मी कुणाला सांगू?"

शालननं त्याला जवळ ओढला.

बरी होऊन उठल्यावर तिनं डॉक्टर नाडगौडांना फोन केला. डॉक्टरांनी सगळं ऐकून सांगितलं, की मोडायचा रस्ता एकच आहे. मध्यंतरी पुण्याहूनच नव्या शब्दावर जी चकती पुन्हा चालू केली होती, ती पूर्ण बंद ठेवायची. कुठलंच सुख नको. आणि तो जुना शब्द, त्या जागा, पुन्हा पुन्हा समोर आणायच्या, सुख कोरडं पडेपर्यंत. "महिने लागतील. आणि तेवढ्या महिन्यांत तो जुना आजार परत येणार. शिवाय वडिलांचं थांबलेलं दुःख एकदम येईल. मुग्धाशी बोला. त्यालाही विचारा."

इंद्रजित म्हणाला, "कर बंद. माझ्यानं जमेल असं मी म्हणत नाही. पण कर." मुग्धा नको म्हणत होती. शेवटी दोघांनीही आईवर सोडलं, आणि आईनं बंद करायला सांगितलं. लेक परत हवा होता तिला. मेल्यावर आपल्यासाठी डोळ्यांत पाणी आणील असा लेक हवा होता, हेही तिनं स्वतःपासून लपवलं नाही.

मुग्धा रजा काढून आली. दोघी रोज त्याला तो शब्द ऐकवायच्या, मळ्यात आप्पांना पोचवलं त्या जागेवर घेऊन जायच्या. पहिल्यांदा तो हसला. नंतर हसू अर्ध्यावर यायला लागलं. आणि एका दुपारी, आप्पांच्या चपला कोपऱ्यातून उचलताना, तो मटकन खाली बसला आणि हंबरडा फोडून रडला. "आप्पा, मी हसलो वो. तुमच्या मातीला मी हसलो." शालननं त्याला छातीशी धरला आणि तिच्या मनाला इतका गारवा वाटला की तिनं देवापुढं साखर ठेवली. पोटचा पोर ऊर फुटून रडतोय आणि आपल्याला आनंद होतोय, हे तिच्या मागाहून ध्यानात आलं.

रडणं थांबलं ते कायमचंच थांबलं. त्यानंतर तो बोलेना. जेवणाचं ताट तसंच राहायचं. अंघोळ नाही, दाढी नाही. भिंतीकडं तोंड करून पडायचा. शब्द ऐकवला तर ऐकला की नाही तेही कळायचं नाही. डॉक्टर म्हणाल्या, हीच अवघड वेळ, गोळ्या वाढवते, धीर धरा. दोघींनी धीर धरला. एक दिवस शालन शेळीला पाला घालायला मागं गेली आणि मुग्धा भाकरी थापत होती, तेवढ्यात तो उठून विहिरीवर गेला. मुग्धाला कसं कळलं देव जाणे. ती पिठाच्या हातानं धावली. शालन पोचली तेव्हा तो काठावर आत पाय सोडून बसला होता आणि मुग्धानं त्याला पाठीमागून कवळा घातला होता. दोघींनी मिळून त्याला ओढून काढला. त्यानं विरोध केला नाही आणि मदतही केली नाही.

मुग्धा धापा टाकत तिथंच बसली. "आई," ती म्हणाली, "दुसऱ्यांदा उतरवलं मी ह्याला. तिसऱ्यांदा माझ्यानं होणार नाही."

शालननं विहिरीवरूनच फोन लावला. "डॉक्टर, चालू करा. तोच शब्द. पहिला."

"काकू, नीट विचार करा. आता परत जुळलं तर पुन्हा मोडता येणार नाही. तो तुमच्या त्या दिवसाची वाट बघत बसेल."

"बघू दे. वाट बघतोय तवर इथं यायचा न्हाई."

"आणि तुमच्यानंतर?" डॉक्टरांनी विचारलं.

शालन म्हणाली, "तवर मी औषधं येळेवर घेते."

आणि ती घ्यायलाही लागली. पूर्वी आठवण करून द्यावी लागायची. आता स्वतःच उठून घ्यायची. सकाळी ओढ्यापर्यंत चालून यायची, मीठ सोडलं, पडेन म्हणून जिना चढायचं सोडलं. मुग्धा पुण्याला गेली. आठवड्याला यायची, नवऱ्याशी गोड बोलायची आणि त्याच्या डोळ्यांत बघायचं टाळायची. इंद्रजित पुन्हा जेवायला लागला, मळ्यात राबायला लागला. बाहेरच्या मातीला मात्र शालननं त्याला बंदी घातली. "दुसऱ्यांच्या दारात जायचं न्हाई," ती म्हणाली. "तुला काय हवं ते माझ्याजवळ माग."

मग तो मागायला लागला. संध्याकाळी दोघं अंगणात बसायची, शालन शेंगा फोडायची, तो पायाशी बसायचा.

"आई, सांग ना."

"माझी माती मळ्यातच करायची," ती म्हणायची. "तुझ्या बापाच्या शेजारी. स्मशानात नको, तिथं लई गर्दी आसती."

त्याचे डोळे मिटायचे. "लाकूड आंब्याचं," तो म्हणायचा. "मी बघून ठेवलंय."

"वल्लं असंल तर धूर हुईल."

"वाळवतो की. लुगडं कुठलं?"

"हिरवं. ट्रंकेत खाली हाय."

"आणि जेवायला?"

"साधं. पण लाडू कर. मला आवडत्यात."

दोघंही हसली. आजारातून उठल्यापासून शालन एवढी हसली नव्हती. शेंगांची टरफलं झटकून तिनं सूप बाजूला ठेवलं आणि लेकाच्या डोक्यावर हात फिरवला. केस दाट होते, तेल लावलेले, निरोगी माणसाचे.

"सगळं ठरलं," ती म्हणाली. "आन् रडायला कोण?"

इंद्रजितनं डोळे न उघडताच तिच्या मांडीवर डोकं टेकवलं.

"ते बघू की," तो म्हणाला.